आमोसाचा राग नेमका कशावर? देवळावर की तराजूवर?

पायवाट: बायबलच्या जुन्या करारातली संदेष्ट्यांची, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांची, पुस्तकं आपल्याकडे बहुतेक वेळा ‘पुढे काय होणार’ हे शोधायला वाचली जातात. त्यातलं आमोसाचं पुस्तक तसं वाचलं तर हाती काहीच लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. इ.स.पू. आठव्या शतकातला हा आमोस म्हणजे दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराची झाडं राखणारा. उत्तरेकडच्या इस्राएलात दुसऱ्या यराबाम राजाची सत्ता, व्यापार जोरात. त्या भरभराटीत हा सुनावतो, तुम्ही निर्दोष माणसाला रुप्यासाठी विकता आणि गरिबाला वहाणांच्या एका जोडासाठी. आठव्या अध्यायात तर व्यापाऱ्यांचा सगळा डाव उघडा केलाय. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, कधी संपतो म्हणून टपून बसायचं, मग धान्याचं माप लहान, पैसे तोलायचं वजन जड, आणि गव्हाच्या नावाखाली भुसकट गळ्यात मारायचं.

जुनीवही: असहमत. त्याला समाजसुधारक करू नका. त्याचं भांडण देवाने इस्राएलाशी केलेल्या कराराचं आहे, मिसरातून (इजिप्तमधून) सोडवलेले लोक देवाला विसरले याचं. बेथेल या इस्राएलातल्या तीर्थस्थानाच्या वेद्यांवरही तो तुटून पडतो. आणि शिक्षा सांगतो ती अख्ख्या राष्ट्राला. इस्राएलची राजधानी शोमरोन इ.स.पू. ७२२ च्या सुमारास पडली. २७ हजारांवर माणसं बंदिवान करून नेल्याचं अश्शूरच्या सर्गोन राजाने कोरून ठेवलंय. त्यांत नाडलेला शेतकरी नव्हता? ज्याला लुटलं त्यालाच बेड्या, ही गरिबाची बाजू कशी?

पायवाट: वेदी आणि गरीब वेगळे काढताच येत नाहीत. आमोसाच्या दुसऱ्या अध्यायातलं आठवं वचन (२:८) पाहा: गहाण घेतलेल्या वस्त्रांवर ते वेदीपाशी लोळतात. बायबलच्याच निर्गम या पुस्तकातला नियम असा की गहाण पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत करायचं, कारण रात्री त्या गरिबाकडे तेवढंच असतं. करार मोडला तो इथेच.

बांधावरचा: याला एक पुरावा आहे. १९६० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावरच्या यव्ने-यामजवळच्या किल्ल्यात शाईने लिहिलेलं खापर सापडलं, इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचं. कापणी करणारा एक मजूर अधिकाऱ्याकडे दाद मागतोय. ठरलेलं काम केलं, धान्य कोठारात भरलं, तरी होशयाहू नावाच्या माणसाने माझं वस्त्र नेलं. सोबतचे कापणारे साक्ष देतील, मी निर्दोष आहे, वस्त्र परत द्या. आमोसानंतर शंभरावर वर्षांनी हे लिहिलंय, पण गाऱ्हाणं तेच. संदेष्टा ज्याच्या वतीने बोलला तो माणूस इथे स्वतः बोलतो, म्हणून मला गलबलून येतं.

बेड्यांचं म्हणाल तर ६:७ वाचा. हस्तिदंती पलंगांवर पसरणारे सगळ्यांच्या आधी बंदिवासात जातील. शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंती नक्षीचे तुकडे खरोखर निघालेत.

जुनीवही: खापराबद्दल आभार, माहीत नव्हतं. पण ते आधी गेले म्हणजे बाकीचे मागून गेलेच. प्रत्यक्ष सुटका बघायची तर बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय. मुलंबाळं गहाण पडल्याचा आक्रोश ऐकून नहेम्याने सावकारांना शेतं, द्राक्षमळे, घरं परत करायला लावली, याजकांसमोर शपथ घालून.

पायवाट: नहेम्या पारसाच्या राजाने नेमलेला सुभेदार, त्याच्या हाती सत्ता होती. आमोसाला बेथेलच्या अमस्या याजकाने सांगितलं, यहूदात पळ, तिथे भाकर खा, हे राजाचं पवित्रस्थान आहे. नगराच्या वेशीत जिथे न्यायनिवाडा व्हायचा तिथेच लाच चालत होती, ५:१२ मध्ये आहे. त्याने उपाय मांडायचा कोणापुढे?

जुनीवही: त्याच लोकांपुढे मांडलाय, ५:१५: वेशीत न्याय स्थापन करा. पण त्याने सगळे वाचतील अशी हमी तो तिथेही देत नाही, उरलेल्यांवर कृपा करणं देवावर सोडतो. म्हणून मी अजूनही म्हणेन, आधी देव, मग तराजू.