केट शुगॅक मालिका: रहस्य कमी, अलास्काच जास्त?

रातकिडा:
डेना स्टॅबेनो यांची केट शुगॅक ही रहस्यकादंबऱ्यांची मालिका वाचतोय. अलास्का अव्वल, रहस्य सुमार. केट अल्यूट या अलास्कातल्या मूळ जमातीची, अँकरेजच्या सरकारी वकिलांकडची माजी तपासनीस. बालअत्याचाराच्या एका प्रकरणात गळ्यावर वार झाला, आवाज घोगरा झाला. आता १६० एकरांच्या जागेवर मट नावाच्या, निम्मी लांडगीण असलेल्या कुत्रीबरोबर राहते. पात्र झकास! पण निनिल्टना एवढंसं गाव (काल्पनिक आहे), सगळे एकमेकांचे नातलग. संशयित मोजके, खुनी निम्म्यातच कळतो. पहिल्या 'अ कोल्ड डे फॉर मर्डर'ला (१९९२) एडगर (रहस्यकथांचं मानाचं अमेरिकन पारितोषिक) कसं मिळालं?

बोरूबहाद्दर:
'अ फेटल थॉ' वाचलंत ना? एक माथेफिरू दिसेल त्याला गोळ्या घालत सुटतो, पकडला जातो, गाव सुटकेचा श्वास टाकतं. मग कळतं, मेलेल्यांतल्या एका बाईला लागलेली गोळी त्याच्या बंदुकीतली नाहीच. याला सुमार म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

रातकिडा:
कल्पना जबरी, मान्य. पण पुढे पानंच्या पानं गावगप्पा.

कुंपणावरची:
त्या गावगप्पांतच तर खुनाचं कारण असतं. १९७१च्या कायद्याने अलास्कातल्या मूळ रहिवाशांचे दावे मिटवले: सुमारे ४.४ कोटी एकर जमीन आणि ९६ कोटींवर डॉलर. पण जमीन गेली त्यांच्या नावाने काढलेल्या कंपन्यांकडे, म्हणजे जमातीचा माणूस झाला भागधारक! १९८०मध्ये आणखी प्रचंड मुलूख राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांत गेला. मासे कुणी धरायचे, शिकार कुणी करायची, खाणीला हो म्हणायचं का, हे वाद घराघरांत. केटची आजी एकतेरिना जमातीची पुढारी, म्हणजे तपास करायचा तर आजीशीच पंगा. पहिल्या पुस्तकात नाहीसा होतो तोही उद्यानाचा रेंजर, खासदाराचा मुलगा. उगाच नाही.

रातकिडा:
मग सरळ भाऊबंदकीची कादंबरी लिहा की, प्रेत कशाला? आणि लेखिका स्वतः अल्यूट नाहीत. आजी-नातीचं भांडण बाहेरून पाहून लिहिलंय, हे मला खटकतं.

बोरूबहाद्दर:
अँकरेजचा जन्म, सेल्डोव्हियात मासळीच्या बोटीवर गेलेलं बालपण. याला बाहेरचं म्हणणार?

कुंपणावरची:
इथे मात्र मी रातकिड्याच्या बाजूने. अलास्का त्यांचा आहेच, पण अल्यूट घरातलं दुखणं वेगळं. ते त्या समाजातल्या कुणी लिहिलेलं वाचायला आवडेल. तरी प्रेत हवंच. गावाला जायचा रस्ता म्हणजे तांब्याच्या बंद खाणीच्या रेल्वेचा उखडलेला मार्ग, अजून खिळे निघून टायर फाडतात. पोलीस येणार तो हेलिकॉप्टरने, तेही हवामान चांगलं असेल तर. तोवर खुनी आणि आपण एकाच बारमध्ये बसलेले.

पानखाऊ:
'ब्रेकअप'मध्ये केटच्या आवारात विमानाचं अख्खं इंजिन पडतं. खुनाचं काय झालं ते आठवतही नाही, इंजिन आठवतं :)

रातकिडा:
बघा, हेच म्हणत होतो!