मदत हवी आहे: थ्रीडी रेटवर एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग) अंगावर येतोय, सीजी (विमानाचा तोलबिंदू) मागे गेलाय का?

उसातलं_विमान:
नमस्कार मंडळी, रिमोटच्या विमानाने थ्रीडी (हवेत उभं धरण्यासारख्या कसरती) करायचा नाद लागलाय आणि आता डोकं चालेना म्हणून विचारतोय. विमान ४० इंची ईपीपी फोमचं, एक्स्ट्रा ३०० ह्या कसरतीच्या विमानाच्या आकाराचं, बॅटरीसकट ६५० ग्रॅम (शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर केलं, दुकानदार हसला पण करू दिलं). ३एस (तीन सेलची) १३०० बॅटरी, १०x४.७ प्रॉप (पुढचा पंखा), ३० अँपिअर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा), ९ ग्रॅमचे ४ सर्वो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी). फुल थ्रॉटल दिलं की हातातून सुटू बघतं त्यामुळे ताकद कमी नाही हे नक्की.

रिमोट सेकंडहँड घेतलेला स्पेक्ट्रम डीएक्स६. दोन रेट (पूर्ण स्टिकला किती फिरायचं त्याच्या सेटिंग) ठेवलेत, लो रेटला एलिव्हेटर १२ अंश आणि एक्स्पो (मधल्या भागात स्टिक किती मऊ की तिखट) शून्य, हाय रेटला ४५ अंश. हाय रेटचे सगळे आकडे एका परदेशी पायलटच्या व्हिडिओतून उतरवले, एक्स्पोसकट.

लो रेटवर विमान एकदम गरीब गाय. लूप, रोल, उलटं उडवणं सगळं होतं. पण हाय रेटचा स्विच टाकला की स्टिकला नुसतं बोट लागलं तरी नाक गपकन वर नाहीतर गपकन खाली. रविवारी तोडलेल्या उसाच्या रानात ३० फुटांवर हॉवर करायला (नाक वर करून एका जागी उभं धरायला) गेलो, नाक जरा मागे कललं म्हणून किंचित डाऊन दिलं तर थेट आडवंच झालं आणि जे सुटलं ते शेजारच्या उभ्या उसात. दीड तास शोधलं, पाचटानं दोन्ही हात कापले, सापडलं तेव्हा प्रॉपचे तुकडे आणि मोटर माउंट हललेलं. बांधावर बसलेले चुलते म्हणाले एवढ्या वेळात एक सरी भांगलून झाली असती.

मला वाटलं शेपूट जड झालंय म्हणून बॅटरी १५ मिमी पुढे सरकवली. काही फरक नाही, उलट हॅरियरला (नाक वर ठेवून सावकाश उडवताना) आता एलिव्हेटर जास्त ओढून धरावा लागतोय. अजून पुढे घेऊ का? नाकात शिसं टाकू का?

बाल्साभुसा:
शिसं अजिबात टाकू नको भावा. आधी सीजी उडवूनच तपास. लो रेटवर ४५ अंशात वर चढव, अर्धा रोल मारून उलटं कर आणि एलिव्हेटर सोडून दे. नाक लगेच जमिनीकडे वळलं तर नाक जड, आभाळाकडे ओढायला लागलं तर शेपूट जड, आणि थोडा वेळ लाइन धरून मग हळूहळू खाली आलं तर थ्रीडीला मस्त. ते काय होतं सांग, मग बोलू.

उसातलं_विमान:
आज सकाळी वारा पडलेला असताना केलं. नाक लगेच जमिनीकडे. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे नाक जड?? मग हाय रेटवर असं का नाचतंय?

नाइफएज:
अहो, स्विच टाकल्यावर सीजी बदलतो का? नाही ना. बदलतात दोनच गोष्टी, थ्रो (एलिव्हेटर किती फिरतो) आणि एक्स्पो. शेपूट जड असती तर लो रेटवरसुद्धा जाणवलं असतं. आता मला सांगा, एक्स्पो किती टाकलाय आणि प्लस की मायनस? आणि त्या व्हिडिओवाल्याच्या हातात रिमोट कुठला होता?

उसातलं_विमान:
एलिव्हेटर -६०, एलेरॉन (पंखांवरचे हलते भाग) -५०, रडर (शेपटीचा उभा हलता भाग) -५०. व्हिडिओ परत बघितला, त्याच्याकडे फुटाबा आहे.

नाइफएज:
सापडलं. फुटाबात स्टिक मधे मऊ करायला मायनस टाकतात. स्पेक्ट्रम आणि जेआरमध्ये बरोबर उलटं, तिथे मऊ करायला प्लस. तुम्ही मऊ करायच्या जागी स्टिक मधल्या मधे अजून तिखट केलीत आणि वर ४५ अंशाचा थ्रो. बोट लागताच नाचणारच हो ते. उडवायच्या आधी टेबलावर बघा, प्रॉप काढून. स्टिक पाव हलवा आणि एलिव्हेटरची मागची कड किती सरकते ते पट्टीने मोजा.

बाल्साभुसा:
पट्टी घेतोच आहेस तर पूर्ण थ्रो पण मोज. एलिव्हेटर हिंजपासून किती रुंद आहे? ६० मिमी असेल तर ४५ अंशाला कड ४२ मिमी सरकायला पाहिजे, वर पण तेवढीच आणि खाली पण तेवढीच. फरक आला तर सब-ट्रिम (रिमोटमधून मधली जागा सरकवणं) ओढत बसू नको. सर्वो मधोमध असताना त्याचा आर्म (दांडा) पुशरॉडला (एलिव्हेटरपर्यंत जाणाऱ्या काडीला) काटकोनात आहे का बघ, नसेल तर स्क्रू काढून आर्म एक दात फिरवून बसव. आणि पुशरॉड हॉर्नच्या (एलिव्हेटरवर बसवलेल्या भोकांच्या तुकड्याच्या) अगदी आतल्या भोकात असेल तर जितका जमेल तितका बाहेर घे आणि सर्वोवर लांब आर्म लाव, नाहीतर सगळ्या जोडांमधला ढिलेपणा एलिव्हेटरवर दुप्पट होऊन दिसतो. माझं एक विमान ह्याच ढिलेपणामुळे कधी एका जागी स्थिर उभं राहिलं नाही आणि मी वर्षभर स्वतःच्या अंगठ्यांना शिव्या घालत होतो.

उसातलं_विमान:
अरे देवा. रुंदी ६० च आहे. पाव स्टिकला कड १८ मिमी गेली, एक्स्पो शून्य करून मोजलं तर १२, आणि +६० टाकल्यावर फक्त ५. म्हणजे मी इतके दिवस १८ वाल्यावर हॉवर शिकत होतो. पूर्ण थ्रो वर ४२ आणि खाली ३५ निघाला, आर्म तिरका बसला होता, एक दात फिरवल्यावर ४१-४१ आला.

बॅटरी पण परत मागे घेतली. संध्याकाळी उडवलं, हॉवर अजून ४-५ सेकंदच टिकतो पण आता चूक माझी असते हे कळतं तरी. दोन गोष्टी राहिल्यात. हॅरियरमध्ये पंख डावीउजवीकडे झुलतात, आणि नाइफ एजमध्ये (विमान कुशीवर, पंख उभे धरून उडवताना) नाक चाकांकडे जातं, दोन्ही बाजूंनी.

नाइफएज:
झुलण्यासाठी दोन्ही एलेरॉन थोडे वर उचलून बघा, फ्लॅप मिक्समधून (मिक्स म्हणजे एका कंट्रोलसोबत दुसरा आपोआप हलवणं) वेगळ्या स्विचवर. नाइफ एजसाठी रडरवरून एलिव्हेटरला मिक्स लावा, रडर कुठलाही दिला तरी एलिव्हेटर वर जायला हवा. ५ टक्क्यांपासून सुरू करा. मिक्स लावल्यावर जमिनीवर रडर दोन्हीकडे हलवून एलिव्हेटर खरंच वरच जातोय ना ते बघा, ह्यातसुद्धा प्लस-मायनस आहे 😄

उसातलं_विमान:
बघतो बघतो. प्रॉप दोनच उरलेत.