मदत हवी आहे: स्टेट बोर्ड, एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन – घरी अभ्यासासाठी नेमकी कोणती पुस्तकं घ्यावीत?

पाटीपेन्सिल
नमस्कार. मुलगी यंदा अकरावीत, स्टेट बोर्ड, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स). दहावीपर्यंत मराठी माध्यम. मुख्य भर एमएचटी-सीईटीवर (राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा), पण देशपातळीवरची जेईई मेनही द्यायची आहे. क्लास लावणार नाही, घरीच अभ्यास. पुस्तकांच्या बाबतीत गोंधळ आहे, म्हणून विचारते:

१. दोन्ही परीक्षांना मिळून एकच संच चालतो का?
२. एका क्लासची २०२२ सालची जुनी मॉड्युलं (प्रकरणवार सराव पुस्तिका) फुकट मिळताहेत. घ्यावीत का?
३. टेस्ट सिरीज आत्ताच घ्यायची की बारावीत?
४. मराठी माध्यमामुळे पुस्तकं निवडताना काही वेगळं बघावं लागतं का?

घनमूळ
आधी दोन्ही पेपर शेजारी ठेवून बघा, मग पुस्तकांचं कोडं बरंचसं सुटतं.

सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, दोन्हींना मिळून ९० मिनिटं. मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेगळी ९० मिनिटं. एकूण २०० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. जेईई मेनमध्ये २०२५पासून ७५ प्रश्न, ३०० गुण, ३ तास. बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १. म्हणजे सीईटीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीत एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात, मॅथ्समध्ये १०८ आणि जेईईत सरासरी १४४. जेईईच्या पुस्तकातलं तीन-चार मिनिटं खाणारं गणित डोकं तयार करतं, पण ५४ सेकंदांची सवय लावत नाही. उलट सीईटीचे एका ओळीचे प्रश्न हजारोंनी सोडवले तरी जेईईचा दोन-तीन संकल्पना जोडणारा प्रश्न आला की हात थांबतो. तेव्हा शिकण्यासाठी एकच संच चालेल, सरावासाठी दोन लागतील.

आता ज्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ती गोष्ट. बाजारातली बहुतेक जेईई पुस्तकं "इयत्ता ११" आणि "इयत्ता १२" अशी एनसीईआरटीच्या (सीबीएसईला चालणारी केंद्रीय पाठ्यपुस्तकं) विभागणीनुसार असतात आणि स्टेट बोर्डाची विभागणी वेगळी आहे. रोटेशन, फ्लुइड्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स हे सगळं एनसीईआरटीत अकरावीला, बालभारतीत (म्हणजे स्टेट बोर्डाच्या पुस्तकांत) बारावीला. ऑप्टिक्सचा किरणांचा भाग उलटा: बालभारतीत अकरावीला, एनसीईआरटीत बारावीला. बालभारती अकरावीच्या 'लॉज ऑफ मोशन' या एकाच प्रकरणात वर्क-एनर्जी, टक्कर, सेंटर ऑफ मास इतकं कोंबलंय की एनसीईआरटीत ते तीन प्रकरणांत पसरलेलं आहे. त्यामुळे "अकरावीचं जेईई पुस्तक" आणून मुलीला कॉलेजबरोबर चालायला सांगितलंत तर निम्मी प्रकरणं जुळणार नाहीत आणि तिला वाटेल आपणच मागे पडलो. दोन्ही वर्षांचा मिळून असलेला, विषयवार खंड घ्या आणि अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने बालभारतीच्या प्रकरणांचे क्रमांक लिहून ठेवा. एका संध्याकाळचं काम आहे, दोन वर्षं पुरतं.

सीईटीत बारावीचा वाटा साधारण ८० टक्के आणि अकरावीचा २०, म्हणजे विषयाला ५० पैकी सुमारे १० प्रश्न अकरावीचे. तेही अकरावीच्या निवडक प्रकरणांवर. ही यादी सीईटी कक्ष दरवर्षी देतो; कोणत्याही गाइडच्या मुखपृष्ठावर विश्वास न ठेवता तीच छापून भिंतीवर लावा. मात्र जेईईला अकरावीची प्रकरणं अशी सोडून चालत नाहीत.

लंबक
मॉड्युलांबद्दल. फुकट मिळताहेत तर घ्या, पण दोन गोष्टी बदलल्यात त्या लक्षात ठेवून.

पहिली, अभ्यासक्रम. २०२४पासून जेईई मेनमधून केमिस्ट्रीतले स्टेट्स ऑफ मॅटर, सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, एस-ब्लॉक, हायड्रोजन, मेटलर्जी, पॉलिमर्स, एन्व्हायर्नमेंटल केमिस्ट्री गेलं. फिजिक्समधून कम्युनिकेशन सिस्टिम्स आणि मॅथ्समधून मॅथेमॅटिकल रीझनिंग व इंडक्शन गेलं. २०२२च्या मॉड्युलात हे सगळं असणार. पण ती पानं फाडू नका! सॉलिड स्टेट, पॉलिमर केमिस्ट्री, मॅथेमॅटिकल लॉजिक ही बालभारती बारावीची प्रकरणं आहेत आणि सीईटीला लागतात. ग्रुप १ व २ची मूलद्रव्यं आणि ॲडसॉर्प्शन अकरावीत आहेत. जेईईसाठी कालबाह्य झालेली पानं सीईटीला उपयोगी पडतात, असा हा विचित्र योग आहे. प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर रंगीत खूण करा: एक रंग दोन्ही परीक्षांचा, एक फक्त सीईटीचा, एक फक्त जेईईचा.

दुसरी, पेपरचा साचा. २०२१ ते २०२४ या वर्षांत जेईईत प्रत्येक विषयाला १० संख्यात्मक प्रश्न (उत्तराचा आकडा स्वतः भरायचा) असत आणि त्यातले ५ सोडवायचे असत. आता ५च येतात, त्यांतून निवडायची सोय नाही आणि त्यांनाही निगेटिव्ह आहे. त्यामुळे जुन्या मॉड्युलातले पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवण्यात अर्थ नाही. प्रकरणनिहाय प्रश्न तेवढे वापरा.

फक्त हे तपासा: मॉड्युलाबरोबर उत्तरांची वेगळी पुस्तिका आहे का? बरेचदा ती हरवलेली असते, आणि घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलीला उत्तरांशिवायचं मॉड्युल म्हणजे रद्दी. नुसतं "१. ब, २. क" पुरत नाही, रीत हवी.

पाटीपेन्सिल
दोघांचेही आभार, रंगांची कल्पना लगेच करते. पण मग बालभारती, एनसीईआरटी, मॉड्युल, शिवाय सीईटीचा प्रश्नसंच, असं चार-चार प्रत्येक विषयाला झालं तर ती वाचणार कधी? कुठे कात्री लावू?

तिसरा_बाक
कात्री विषयागणिक वेगळ्या ठिकाणी लागते.

केमिस्ट्रीत बालभारती ओळ न ओळ. इनऑरगॅनिक आणि ऑरगॅनिकचे सीईटी प्रश्न थेट पुस्तकातल्या वाक्यांवर, तक्त्यांवर, समासातल्या चौकटींवर येतात. ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्रीचं प्रकरण तर तिथेच वाचायला हवं. जेईईसाठी त्यावर एनसीईआरटी वाचावंच लागतं. घनमूळ शिकण्याला एकच संच म्हणतात, ते केमिस्ट्रीला लागू नाही असं माझं ठाम मत आहे. दोन्ही पाठ्यपुस्तकं घ्या आणि केमिस्ट्रीचं जाडजूड संदर्भपुस्तक टाळा. फिजिकल केमिस्ट्रीच्या गणितांना मॉड्युल पुरेल.

फिजिक्समध्ये सिद्धांत बालभारतीतून, सराव मॉड्युलातून. एनसीईआरटी फक्त मॉडर्न फिजिक्स आणि सेमीकंडक्टर्ससाठी.

मॅथ्समध्ये वाचण्यासारखं फारसं नसतंच. बालभारतीचे दोन भाग स्वाध्यायांसकट पूर्ण, मिसलेनियस एक्सरसाइजमधल्या बहुपर्यायी प्रश्नांसकट. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स आणि लिनिअर प्रोग्रामिंग ही सीईटीची प्रकरणं जेईईच्या पुस्तकांत धड सापडत नाहीत, आणि मॅथ्सचा एक प्रश्न २ गुणांचा, त्यामुळे ती सोडणं महागात पडतं.

बालभारती आणि एनसीईआरटी दोन्हींची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर पीडीएफमध्ये मोफत आहेत. एनसीईआरटीचे एक्झेम्प्लार प्रश्नसंचही. पण केमिस्ट्रीची पुस्तकं छापील घ्या, त्यात खाणाखुणा करायच्या असतात. आणि पीडीएफ अधिकृत जागेवरूनच उतरवा, मोबाइलवर फिरणाऱ्या फाइलींत आवृत्ती कुठली तेच कळत नाही. स्टेट बोर्डाची आधीची पुस्तकं अकरावीला २०१९ आणि बारावीला २०२० साली बदलली, तरी त्याआधीच्या अभ्यासक्रमावरचे "सीईटी संच" अजून फिरताहेत.

घनमूळ
केमिस्ट्रीबाबत मान्य.

सीईटीचा प्रश्नसंच दुकानात उभ्याने कसा तपासायचा ते सांगतो, कारण हे एकच पुस्तक विकत घ्यावं लागणार आहे. रोटेशनल डायनॅमिक्स उघडा. प्रकरणात किमान १५० प्रश्न हवेत आणि त्यातले मागच्या सीईटी पेपरांतले कोणते, हे वर्षासकट लिहिलेलं हवं. मग उत्तरांकडे जा आणि कुठलेही पाच प्रश्न निवडा. रीत दिलीय की नुसतं सूत्र लिहून उत्तर ठेवलंय? कठीण प्रश्नांची उत्तरं गाळून सोप्यांचीच सविस्तर दिलीत का? ही लबाडी सर्रास असते. शेवटी एकाच प्रश्नाचे आकडे बदलून सलग सहा प्रश्न केलेत का ते बघा. तसं असेल तर "१०,००० प्रश्न" या जाहिरातीतले खरे दोन हजारच.

शक्य असेल तर आधी एकच विषय घ्या. मुलीला त्यातलं एक प्रकरण पूर्ण करू द्या, मगच उरलेले दोन आणा. पहिल्या २० प्रश्नांत १७-१८ बरोबर आले तर पुस्तक तिच्यासाठी सोपं आहे, ५-६ आले तर आधी पाठ्यपुस्तक नीट व्हायला हवं. १० ते १४ येत असतील तर ते पुस्तक तिच्या मापाचं आहे.

शाईपेन
मराठी माध्यमाच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहिते.

सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतून मागता येतो, पण मॅथ्सचा फक्त इंग्रजीत असतो. जेईई मेन १३ भाषांत आहे, त्यात मराठी आहे. भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. त्यामुळे पुस्तकं इंग्रजीच घ्या. समांतर मराठी संच घेऊ नका, नाहीतर प्रत्येक प्रकरण दोनदा वाचलं जातं आणि सराव निम्मा होतो.

अडचण अवघड शब्दांची नसते. टॉर्क, फ्लक्स हे शब्द आठवड्याभरात अंगवळणी पडतात. अडतं ते छोट्या शब्दांवर: 'ॲट लीस्ट' आणि 'ॲट मोस्ट', 'रिस्पेक्टिव्हली', 'नेग्लिजिबल', 'इज नॉट करेक्ट'. प्रॉबॅबिलिटीत "ॲट लीस्ट दोन" म्हणजे दोन किंवा जास्त, हे घाईत उलटं वाचलं जातं आणि गणित येत असूनही गुण जातो. पहिले तीन महिने प्रश्न वाचताना अशा शब्दाखाली रेघ मारायची आणि बाजूला मराठीत अर्थ लिहायचा. नंतर आपोआप सुटतं.

जेईई-नीटसाठी केंद्र सरकारचं 'साथी' हे मोफत व्यासपीठ आहे, आयआयटी कानपूरच्या सहकार्याने चालतं. एखादं प्रकरण वाचून कळत नसेल तेव्हा तिथली व्याख्यानं बघावीत. सगळंच तिथून शिकायला घेतलं तर हातात पेन राहत नाही.

लंबक
टेस्ट सिरीज आत्ता घेऊ नका. अकरावीत पूर्ण अभ्यासक्रमाचा पेपर दिला तर निम्मे प्रश्न न शिकलेल्या भागावर येतात आणि हाती येते ती निराशा. या वर्षी प्रकरण संपलं की ३० प्रश्नांची, वेळ लावलेली चाचणी घरीच घ्या.

जेईईसाठी तर विकतची सिरीज लागतच नाही. २०१९पासून परीक्षा संगणकावर, अनेक शिफ्टमध्ये होते आणि पेपर एनटीएच्या (ही परीक्षा घेणारी संस्था) संकेतस्थळावर मिळतात. २०१९चे पेपर प्रकरणनिहाय सरावाला ठेवा, तेव्हा प्रत्येक विषयाला ३० बहुपर्यायी प्रश्न असत. २०२०चा साचा आजच्यासारखाच ७५ प्रश्नांचा, फक्त तेव्हा संख्यात्मक प्रश्नांना निगेटिव्ह नव्हतं. गुण मोजताना ते धरा. २०२१ ते २०२४मधले वापरायचे असतील तर संख्यात्मक पहिले ५च घ्या. २०२५पासूनचे पेपर बारावीच्या दिवाळीपर्यंत उघडूच नका, खऱ्या मॉकसाठी कोरे राहू द्या. आणि उत्तरं अंतिम उत्तरसूचीवरूनच तपासा: तात्पुरत्या सूचीतली काही उत्तरं नंतर बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात, आणि घाईने छापलेल्या संचांत जुनीच राहतात. एखाद्या प्रश्नावर मुलगी दोन तास अडली असेल तर आधी हे बघा.

सीईटीची विकतची सिरीज मात्र घ्या, बोर्डाची परीक्षा संपल्यावर, १२ ते १५ पेपरांची. तिच्यात मॅथ्सचा भाग वेगळ्या ९० मिनिटांचा आहे का आणि निगेटिव्ह शून्य आहे का ते घेण्याआधी तपासा. काही सिरीज जेईईचाच साचा लावून सीईटी नावाने विकल्या जातात. त्यावर सराव झाला की मुलं शंका असलेले प्रश्न सोडून द्यायला शिकतात, आणि सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे हातचा गुण टाकणं. दोन परीक्षांच्या या सवयी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, म्हणून जेईईचं एप्रिल सत्र झाल्यावर सीईटीआधी निदान तीन-चार पेपर तरी "सगळे प्रश्न भरायचेच" असे द्यावेत.

तिसरा_बाक
बोर्डाच्या वर्णनात्मक लेखनाकडे दुर्लक्ष नको. सीईटीतून इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गासाठी पीसीएममध्ये ४५ टक्के पुरतात, पण जेईई मेनवरून एनआयटी (केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज) हवी असेल तर बारावीला ७५ टक्के लागतात किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या २० टक्के मुलांत, यावं लागतं. त्यासाठी वेगळं गाइड नको, बालभारतीचे स्वाध्याय लिहून काढले की होतं.

पाटीपेन्सिल
खूपच स्पष्ट झालं. म्हणजे विकत फक्त केमिस्ट्रीची चार पाठ्यपुस्तकं आणि सीईटीचा प्रश्नसंच, आधी एकाच विषयाचा. बाकी मॉड्युलं आणि मोफत पीडीएफ. शेवटचा प्रश्न: चुकलेल्या प्रश्नांचं काय करायचं? आत्ता ती उत्तर बघते आणि पुढे जाते.

घनमूळ
२०० पानी एक वही, तिन्ही विषयांना मिळून. प्रश्न पूर्ण उतरवायचा नाही, फक्त पुस्तक, पान, क्रमांक आणि चुकीचं कारण एका शब्दात: संकल्पना, सूत्र, आकडेमोड किंवा वाचन. चार दिवसांनी तो प्रश्न उत्तर न बघता पुन्हा सोडवायचा, मग तीन आठवड्यांनी. दोन्ही वेळा जमला तर फुली. महिनाअखेरीस कारणं मोजा. "आकडेमोड" जास्त असेल तर नवं पुस्तक आणून उपयोग नाही, रफ काम ओळीने लिहायला लावा. "संकल्पना" एकाच प्रकरणात पाचपेक्षा जास्त वेळा आलं तर त्या प्रकरणाचे प्रश्न थांबवून पाठ्यपुस्तकाकडे परत. रोटेशनमध्ये हे हमखास होतं, आणि तेव्हा मूळ दुखणं बहुधा अकरावीच्या लॉज ऑफ मोशनमधल्या सेंटर ऑफ मासमध्ये सापडतं, त्यामुळे आधी ते उघडा.