मदत हवी: मेघनेच्या मुखातली गाळाची बेटं मोजताना भरती-ओहोटीचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

बांगलादेशातली मेघना नदी बंगालच्या उपसागराला मिळते तिथल्या गाळाच्या बेटांचा वर्षवार नकाशा करते आहे. भाषानचरसारखी बेटं गेल्या वीसेक वर्षांत पाण्यावर आली आणि त्यावर माणसं राहायलाही गेली. म्हणून कुठे जमीन धरते आहे, कुठे कापली जाते आहे आणि खारफुटी कधी रुजते, हे नीट कळायला हवं असं मला फार वाटतं. जुन्या वर्षांसाठी लँडसॅट आणि अलीकडच्यासाठी सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं, काम गूगल अर्थ इंजिनवर (उपग्रहचित्रांवर ऑनलाइन गणित करायची सेवा).

अडचण अशी की काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत एकच बेट लहानमोठं दिसतं. कोरड्या ऋतूतल्या सगळ्या चित्रांचा मीडियन (प्रत्येक ठिकाणची मधली किंमत) काढला की हे मिटतं, असा सल्ला मिळाला. मला तो पटत नाही. दोन्ही उपग्रह दर वेळी सकाळी साडेदहाच्या आसपासच वरून जातात, आणि एका ठिकाणी उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) भरती घड्याळाच्या साधारण त्याच वेळेला येते. ती वेळ सकाळची असेल तर उधाणाची पूर्ण ओहोटी कुठल्याच चित्रात सापडणार नाही. मग मीडियन तरी कशाचा?

त्यात पाणी कमालीचं गढूळ. एनडीडब्ल्यूआय (चित्रातलं पाणी ओळखायचा निर्देशांक) लावला की गाळाचं पाणी जमिनीत जमा होतं. एमएनडीडब्ल्यूआय (त्याचाच शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड वापरणारा सुधारित प्रकार) बरा, पण सेंटिनेल-२ च्या त्या बँडचा एक पिक्सेल २० मीटरचा, त्यामुळे बारीक खाड्या बुजतात आणि ओला चिखल पाण्यात जातो.

भरतीच्या मॉडेलवरून प्रत्येक चित्राला पाण्याची उंची देऊन, ठरावीक उंचीचीच चित्रं एकत्र करायचा विचार आहे. एवढ्या उथळ मुखात ही मॉडेलं कितपत चालतात? कोणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का?

खारफुटीचं दुखणं वेगळं. नव्या चिखलावर आधी शेवाळ, मग खाऱ्या पाण्यातलं गवत येतं आणि एनडीव्हीआय (हिरवळ मोजायचा निर्देशांक) वाढतो, म्हणून त्यावरून खारफुटी ओळखता येत नाही. शिवाय तिथलं वनखातं १९६६ पासून चरांवर (गाळाच्या बेटांवर) केवड्याची लागवड करतं. केवडा म्हणजे आपला सुवासिक केवडा नव्हे, खारफुटीतलं केओडा. कोवळी रोपं आणि गवत वेगळं काढायला सेंटिनेल-१ चं रडार पुरेल, की लांब तरंगलांबीचं अलॉस पाल्सार (जपानी उपग्रहावरचं रडार) घ्यावं? तारखा आणि कोड हवा असेल तर इथेच टाकते.