बहुपृष्ठक की बहुफलक?

पॉलिहेड्रॉनसाठी, म्हणजे ठोकळ्यासारख्या सपाट बाजूंच्या घनाकृतीसाठी, 'बहुपृष्ठक' आणि 'बहुफलक' असे दोन्ही शब्द वाचनात आले. अर्थ एकच का? भाचीला सांगितलं, "ज्याला बरीच पृष्ठं तो बहुपृष्ठक." तिने लगेच गोल डबा पुढे केला. वर एक, खाली एक, भोवती एक, झाली की तीन! मी गप्प.

— भाचीचं काही चुकलेलं नाही, घोळ शब्दाचा आहे. पृष्ठ सपाटच हवं असं मराठी म्हणतच नाही. वृत्तचितीचं 'वक्रपृष्ठ' तर शाळेतच भेटतं. फलक म्हणजे फळी, पाटी. ती सपाट हे सांगावं लागत नाही. म्हणून माझं मत बहुफलकाला. चतुष्फलक, अष्टफलक, द्वादशफलक हे शब्दही त्याच घरातले. मूळ ग्रीक 'हेड्रा' म्हणजे बैठक. ठोकळा ज्यावर टेकवून ठेवता येईल ती बाजू, असं मी ते लक्षात ठेवतो.

— नुसत्या फळ्या असून भागत नाही. प्रत्येक फलक बहुभुजाकृती हवं, म्हणजे कडा सरळ आल्या. आणि प्रत्येक कडेला बरोबर दोन फलकं भेटायला हवीत. झाकण नसलेलं खोकं इथेच बाद होतं, कारण वरच्या चार कडांना एकेकच फलक उरतं.

— एवढं कशाला? गणितज्ञ ऑयलरचं बहुफलकांचं सूत्र लावा: पृष्ठे + शिरोबिंदू = कडा + २. डब्याची ३ पृष्ठे, शिरोबिंदू ०, कडा २. डावीकडे ३, उजवीकडे ४. जमलं नाही, विषय संपला.

— संपला कसा? शंकू घ्या. पृष्ठे २, टोक १, कड १. दोन्हीकडे ३! सूत्र जुळलं, तरी शंकू बहुफलक नाही. उलट लाकडी चौकट घ्या, चारही कोपऱ्यांत तिरके जोड असलेली. फलकं १६, शिरोबिंदू १६, कडा ३२. बेरीज ३२, हवे होते ३४. फलकं सगळी सपाट, कडा सरळ, तरी सूत्र हुकतं, कारण मधे आरपार भोक आहे. सूत्र बहिर्वक्र, म्हणजे कुठेही खाच किंवा भोक नसलेल्या, बहुफलकाचा गुण सांगतं, व्याख्या नव्हे.

— आभार. आता भाची फुटबॉल घेऊन आली आहे. १२ पंचकोन, २० षट्कोन. हा तरी बसतो ना?

— पुठ्ठ्याचा केला तर बसतो: ६० शिरोबिंदू, ९० कडा. हवा भरलेला मात्र नाही, प्रत्येक तुकडा फुगलेला असतो.