ऑनलाइन कोर्समध्ये अपेक्षा नीट कशा पोचवायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) पूर्ण ऑनलाइन कोर्स शिकवते. सिलॅबसमध्ये सगळं लिहिलेलं असतं, डेडलाइन, उशीर झाला तर किती मार्क कापणार, मेलला उत्तर कधी मिळेल, तरी मुलं तेच तेच विचारतात आणि खरं सांगायचं तर मला त्यात त्यांचा दोष वाटत नाही, कारण वर्गात चेहरा बघून कळतं कुणाला समजलं नाही ते, इथे ती सोयच नाही.

सगळ्यात जास्त घोळ चर्चेच्या असाइनमेंटमध्ये. मी लिहिते "दोघांच्या पोस्टला सविस्तर उत्तर द्या", आणि येतं काय तर "छान लिहिलंय, सहमत". सविस्तर म्हणजे नेमकं काय हे त्यांना कसं कळावं? रुब्रिक, म्हणजे कशाला किती मार्क याचा तक्ता, दिलंय, पण ते मार्क लागल्यावरच उघडलं जातं. म्हणून एक चांगलं आणि एक कच्चं उत्तर शेजारी ठेवून, मार्क कुठे आणि का गेले ते दाखवावं असं डोक्यात आहे, पण मग सगळे त्या नमुन्याचीच कॉपी मारतील का?

दुसरं, सिलॅबसवर छोटी क्विझ ठेवून ती पास झाल्याशिवाय पहिली असाइनमेंट उघडणारच नाही असं मूडलच्या रिस्ट्रिक्ट ॲक्सेसमधून करता येतं. कुणी केलंय का? मुलं खरंच वाचतात की नुसती वैतागतात? आणि जी फोनवरूनच सगळं करतात त्यांना लांब व्हिडिओपेक्षा दर आठवड्याला चार ओळींचा मेसेज बरा पडतो का?

तुमच्याकडे सूचनांचा एखादा नमुना असेल तर तोही टाका प्लीज.