मदत हवी आहे: जाहीरनाम्यावरून पक्षाची विचारसरणी कशी ठरवायची?

पक्षांच्या विचारसरणीचा तुलनात्मक तक्ता करतोय. नावावर जाऊन उपयोग नाही. ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष आणि जपानचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष, दोन्ही उजवीकडे झुकणारे. म्हणून जाहीरनाम्यातलं एकेक विधान सुटं करून त्याला विषय देतो आणि उजव्या विधानांच्या टक्क्यांतून डाव्यांचे टक्के वजा करतो. 'मॅनिफेस्टो प्रोजेक्ट' या देशोदेशींच्या जाहीरनाम्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधन प्रकल्पाचा डावा-उजवा निर्देशांकही असाच निघतो, दोन्ही बाजूंना १३-१३ विषय धरून.

अडतंय ते इथे. १०० विधानांत २० उजवी, २० डावी, बाकी तटस्थ, तर उत्तर शून्य. ४० विरुद्ध ४० असली तरी शून्यच! म्हणजे खरा मध्यममार्गी पक्ष आणि कल्याणकारी खर्च वाढवा म्हणणारा कट्टर परंपरावादी पक्ष एकाच खणात पडतात. हे मला अजिबात पटत नाही. आर्थिक आणि सामाजिक असे दोन अक्ष घेतले की ही गफलत बरीच सुटते, पण मग पर्यावरण आणि विकेंद्रीकरण कुठे बसवायचं? तिसरा अक्ष घ्यावा का?

शिवाय जाहीरनाम्यात आश्वासनं असतात, कृती नव्हे. सभागृहातल्या मतदानाशी ताडायचं तर पक्षादेशामुळे सगळे सदस्य एकसारखंच मत देतात, आतले गट दिसतच नाहीत. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा, गट ओळखायला काय वापरता: भाषणं, पक्षाचे ठराव की आणखी काही?